'मार'चं शेवटचं कडवं

जेवल्यावर जरा पाठ टेकावी म्हणून शाहीन मुजावर स्टुडिओतल्या सोफ्यावर आडवी होते, आणि डोळा लागायच्या बेताला माग सुरू होतात. बाहेरचा कावळासुद्धा ऐकू येऊ नये म्हणून पुण्यातल्या या स्टुडिओच्या भिंतींना जाडजूड स्पंज ठोकलेला आहे, तरी माग ऐकू येतात. खट्याक खट, खट्याक खट. इचलकरंजीत, यंत्रमागांच्या गावात, जन्मलेल्या माणसाला शांतता म्हणून मिळत नाही. बाहेरचा आवाज बंद झाला की कानातले माग चालू होतात. शाहीनला त्याची सवय आहे. ती कुशीवर वळते, हाताची उशी करते. काचेपलीकडे सौमित्र देवधर, इथला रेकॉर्डिंग इंजिनियर, पाठमोरा बसून माउस हलवतो आहे. संध्याकाळच्या आत अल्बम पुढे पाठवायचा आहे. उद्या तो जगात जाणार, आणि गावच्या नाट्यगृहात तो ऐकवायचा कार्यक्रम होणार.

अल्बमचं नाव 'मार' आणि बँडचं नाव 'खटका'. माग चालू-बंद करायचा दांडा म्हणजे खटका, म्हणून हे नाव. पण ड्रमवर शाहीन, गिटारवर अभिनंदन आणि गायला शीतल, या तिघांनी ते भलत्याच अर्थानं सार्थ केलं. गाणं कमी आणि खटके जास्त. या अल्बमपायी अभिनंदनची एक गिटार मोडली, तीही त्याच्याच पाठीत. शाहीननं एकदा ड्रमची पितळी थाळी फेकून मारली, तिची खूण दारावर अजून आहे. आणि सगळ्या भांडणांचं मूळ एकच, शीतल मगदूम. आमच्याकडं जैनाच्या घरात शीतल हे पोराचं नाव असतं, हे पुण्याच्या लोकांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलेलं नाव, पण एवढा तापट माणूस पंचगंगेच्या दोन्ही काठांना नव्हता. तो लिहायचा, गायचा, बेस वाजवायचा आणि ज्याच्या-त्याच्या अंगावर धावून जायचा.

आता तो नाही. याच स्टुडिओत 'मार' हे अल्बमच्या नावाचं गाणं गाता गाता त्यानं माईक जमिनीवर आपटला, दाराला लाथ घातली, मोटारसायकलवर बसला, आणि तिन्हीसांजेला गावाच्या अलीकडं रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीत शिरला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. तिकडं तो कधीच नसतो.

गाण्यात एक बाप आहे आणि एक पोरगा. मागावर पोराचं लक्ष चुकलं, सुताची तार तुटून कापडात खोट आली, की बाप चामडी पट्टा काढतो.

'पट्टा काढला आप्पानं, पाठ केली लाल,
मागानं दिला ठेका, म्या धरला ताल.'

मग पोरगा मोठा होतो.

'आता पट्टा माझ्या हाती, आप्पाचं लटपटत्यात पाय,
पाठ उघडी म्होरं माझ्या, बोल आप्पा, आता काय?'

आणि इथं गाणं तुटतं. पुढचं कडवं शीतलनं कुणाला दाखवलं नव्हतं. 'रेकॉर्डिंगला गाईन, तवा ऐका' एवढंच म्हणायचा. रेकॉर्डिंगला ते आलंच नाही. शाहीन त्याची वाट बघत एकटीच ड्रम बडवत राहिली आणि तो निघून गेला. नंतर सौमित्रनं सगळ्या गाण्यांतली आरडाओरड साफ केली. शेवटच्या रिकाम्या जागेत अभिनंदननं गिटारचा एक लांबलचक तुकडा भरला. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, असं म्हणतात. ते म्हणणाऱ्यानं स्टुडिओ पाहिलेला नसावा.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण शीतलच्या मातीला गेली तेव्हा त्याच्या आप्पांनी, भरमू मगदुमांनी, शाहीनला बाजूला घेतलं. एके काळी ज्यांच्या खाकरण्यानं मागाच्या कारखान्यातली माणसं उठून उभी राहायची, ते आप्पा. त्यांना धड उभं राहता येत नव्हतं. 'गाण्यात म्या हाय म्हणं,' ते म्हणाले. 'शेवटाला माझं काय केलंय त्यानं? मारलंय की सोडलंय?'

'ऐकवतो आप्पा,' शाहीन म्हणाली. आमच्या कोल्हापूरकडच्या पोरी 'मी जातो, मी ऐकवतो' असंच बोलतात, त्यात बिघडलं काहीच नाही. बिघडलंय ते पुढं. उद्या आप्पा पहिल्या रांगेत बसणार, आपल्या पोरानं आपलं काय केलं ते ऐकायला, आणि त्यांना ऐकू येणार अभ्याची गिटार. शाहीन भिंतीकडं तोंड करते. ती डोळे घट्ट मिटून घेते. खट्याक खट, खट्याक खट.

सोफा हादरतो. कुणीतरी लाथ घातलेली आहे.

"ऊठ."

शीतल उभा आहे. केसांत उसाचं पाचट अडकलेलं आहे, कपाळ फुटून एक डोळा बुजलेला आहे, आणि दुसरा नेहमीसारखा तापलेला आहे. तो मेलेला आहे हे शाहीनला पक्कं ठाऊक आहे. त्यानं काही फरक पडत नाही. तिला भीती वाटत नाही, रडू येत नाही, फक्त संताप येतो.

"पायतान काढ," ती म्हणते. "गालिचा हाय खाली."

"मेलेलं कोंबडं आगीला भीत न्हाई, मुजावर. आन् तू मला गालिचाचं सांगतीस व्हय?"

तो माईकचा स्टँड उचलतो आणि काचेवर घालतो. काच पडते, पण आवाज होत नाही. पलीकडं सौमित्र वळूनही बघत नाही. पडद्यावर शीतलच्या आवाजाच्या निळ्या लाटा आहेत, आणि सौमित्र माउसनं त्यांचे तुकडे करतो आहे. तुकडे टेबलाखाली पडतायत. शाहीन वाकून एक उचलते. तुकडा गरम आहे, ओला आहे, खाटकाच्या पाटावरून घसरून पडल्यासारखा. ती तो दाबते, तर त्यातून शीतलचा श्वास येतो. दुसरा दाबते, तर एक शिवी येते.

"काय हाय हे?"

"माझी जीभ," शीतल म्हणतो. "तूच म्हणालीस काढा म्हणून."

"शिव्या काढा म्हणालो मी! घशाची खरखर काढा म्हणालो!"

"तूच म्हणालीस."

"शित्या, ऐक." शाहीनचे हात त्या तुकड्यांनी चिकट झाले आहेत, ती ते पँटीला पुसते. "शेवटचं कडवं कुठं हाय? ते सांग आणि मग कुठं जायचं तिकडं जा. आप्पा विचारालेत."

"गायलोय म्या."

"खोटं बोलू नको. माईक आपटून पळालास तू."

"गायलोय."

"मी होतो तिथं! तुझ्या मागं बसून वाजवत होतो!"

तो तिच्या कानशिलात भडकावतो. जिवंतपणी त्यानं अभिनंदनला मारलं होतं, भिंतींना मारलं होतं, शाहीनवर मात्र हात कधी टाकला नव्हता. तिच्या कानात शिट्टी वाजायला लागते. पुढच्या क्षणी ती त्याच्या अंगावर आहे. ड्रम वाजवणाऱ्या मनगटाचा ठोसा साधा नसतो. तो बरोबर तोंडावर बसतो, ओठ फुटतो, आणि फुटलेल्या ओठानं शीतल हसतो. तिला आणखी राग येतो. ती त्याला भिंतीवर रेटते, स्पंजात त्याचं डोकं दाबते, गुडघा पोटात घालते. मेलेल्या माणसाला एवढं मारता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. मारताना तिला बरं वाटतं आहे, हेही तिला दिसतं आहे.

"सांग! काय केलंस त्या म्हाताऱ्याचं? मारलंस की सोडलंस?"

"कान फुटल्यात तुमचं," शीतल म्हणतो. त्याच्या हातात गिटारची काळी केबल आहे. तो ती तिच्या गळ्याभोवती टाकतो आणि ओढतो. "ही बघ अभ्याची गिटार. अशी भरलीसा माझ्या गळ्यात. चांगली लागती का?"

श्वास बंद होतो. शाहीन कोपर मारते, एकदा, परत एकदा. केबल सुटत नाही. डोळ्यांपुढं लाल होतं. ती दोन्ही हातांनी केबल धरते आणि जीव खाऊन बाहेर ओढते, आणि ते गळ्यातल्या ड्रमचे पट्टे आहेत.

वरात चालली आहे. भर उन्हाची. पुढं तिचे अब्बा, दस्तगीर मुजावर, लाल कोट घालून बँडाला हातानं इशारा करतायत. लहानपणी अब्बांच्या याच वरातीच्या बँडात, याच उन्हात ती ड्रम शिकली. नवरदेवाचा घोडा मागून येतो आहे आणि त्याच्यावर कुणी नाही. लोक नाचतायत की एकमेकांना बुक्क्या मारतायत ते नीट कळत नाही. गुलाल उडतो आहे. कुणाच्या तरी नाकातून रक्त येतं आहे, आणि गुलालात ते उठून दिसत नाही.

"वाजीव!" कुणीतरी ओरडतं.

शाहीन वाजवते.

"वाजीव! वाजीव की!"

पुढं रस्त्यात उसाची ट्रॉली उभी आहे. माणसांनी ट्रॅक्टरवरून ड्रायव्हरला खाली ओढलं आहे. कुणाच्या हातात ऊस, कुणाच्या हातात चप्पल, कुणाच्या हातात दगड. ड्रायव्हर दोन्ही हातांनी डोकं झाकून रस्त्यावर गोळा होऊन पडला आहे. शाहीनची काठी ड्रमवर पडते आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवर ऊस पडतो. तिचा ठेका आणि त्यांचा मार जराही मागंपुढं होत नाही. ती वेग कमी करून बघते, तर मारही सावकाश पडायला लागतो, आणि सावकाश पडलेला जास्त लागतो. ड्रायव्हर ओरडतो.

"वाजीव!" गर्दी म्हणते. ती बँडवाल्यांना म्हणते आहे की मारणाऱ्यांना, काही कळत नाही. शब्द एकच आहे. आमच्याकडं ढोलही वाजवतात आणि माणूसही वाजवतात.

"थांबीव त्यांना!" शाहीन ओरडते. शीतल तिच्या शेजारून चालला आहे, हात खिशात घालून.

"तू वाजवायलीस. तू थांबीव."

"हात थांबंनात माझं!"

"मग बग तरी, कुणाला वाजवायलीस ते."

गर्दी बाजूला होते. शाहीन अब्बांना हाक मारते, पण अब्बा मागं न बघता पुढं निघून गेलेले आहेत. ड्रायव्हर हात खाली घेतो आणि मान वर करतो, आणि तो ड्रायव्हर नाही. ते आप्पा आहेत. भरमू मगदूम. ते उठून उभे राहतात, अंगावरची माती झटकतात आणि कारखान्याचा दिवा लावतात.

माग चालू आहेत. आडवं सूत ओढणारे धोटे इकडून तिकडं पळतायत. शेडमध्ये तेलाचा आणि कापसाच्या भुश्शाचा वास आहे, तो शाहीनच्या नाकात शिरतो. हा मगदुमांचा कारखाना. शीतलबरोबर ती इथं कितीदा आली असेल, पण आप्पांना तिनं असं कधी पाहिलेलं नाही. आप्पा सदऱ्याची बटणं काढतायत. सावकाश, एकेक. सदरा काढून ते घडी करतात आणि मागाच्या चौकटीवर ठेवतात. मग खुंटीवरचा चामडी पट्टा काढतात आणि शाहीनच्या हातात देतात.

पट्टा जड आहे. इतक्या वर्षांच्या घामानं आणि तेलानं काळा पडलेला, एका टोकाला चिरलेला.

"आप्पा, मी शाहीन हाय," ती म्हणते.

आप्पांना ऐकू येत नाही. ते पाठ करून उभे राहतात. पाठीचा एकेक मणका दिसतो आहे. पाय लटपटतायत, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी माग धरला आहे, आणि चालू मागानं ते सगळेच्या सगळे हादरतायत. मग ते मान न वळवता खच्चून ओरडतात.

"वाजीव!"

माग बंद पडतात. सगळे एकदम. शाहीनच्या आयुष्यात पहिल्यांदाच कानात काहीही वाजत नाही.

"ते मला म्हणालंय," शीतल म्हणतो. तो दाराशी खाली बसला आहे. आता त्याचे दोन्ही डोळे उघडे आहेत आणि आवाज उतरलेला आहे. "तुला न्हाई. मला."

शाहीन हातातल्या पट्ट्याकडं बघते.

"त्या दिवशी कापडात खोट आली ती त्येच्या हातनं. म्या केली नव्हती. नजर गेली होती की त्येची. सगळं बीम खराब झालं, त्येच्यावर गुंडाळलेलं सूत वाया गेलं. मला वाटलं आता कुणाला तरी धरून हाणणार. तर त्यानं सदरा काढला, पट्टा माझ्या हातात दिला आन् म्हणाला, वाजीव." शीतल फुटलेला ओठ पुसतो. "बाप हाय की कोण हाय? सबंध जल्म मला मारलं, आन् आता मलाच मारायला लावतंय."

"मग? काय केलंस तू?"

"काय करणार? पट्टा वर उचलला. लई वर उचलला, मुजावर. खोटं कशाला सांगू. घालायचाच होता." तो कोपऱ्यात पडलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्याकडं बोट दाखवतो. डबा सगळीकडून चेपलेला आहे. "मग त्येच्यावर घातला. घालतच सुटलो. हाताची सालं निघाली. डबा पार चपटा झाला तरी घालतोय. आन् हे तसंच हुबं, पाठ उघडी टाकून. माझं झाल्यावर त्यानं सदरा घातला आन् माग चालू केला. त्यावर आमी कधी बोललो न्हाई. एक शबूद न्हाई."

शाहीन त्या डब्याकडं बघते. तिला रेकॉर्डिंगचा दिवस आठवतो. 'बोल आप्पा, आता काय?' असं विचारून शीतल थांबला होता. मग ओरडला होता. तो असं प्रत्येक गाण्यात ओरडायचा, रियाजात, कार्यक्रमात, चहाच्या टपरीवर टेबल बडवतानासुद्धा. 'वाजीव!' तो आपल्यालाच म्हणतो आहे असं तिनं कायम धरलं. सौमित्रनं विचारलं तेव्हा तिनंच सांगितलं होतं, ते मला म्हणतोय, काढून टाका.

"ते कडवं होतं," ती म्हणते.

"एवढंच होतं."

"एका शब्दाचं?"

"एका शबदाचं तुझ्यासाठी. म्होरचं तू वाजवलंस ते काय होतं? डबाच होता की त्यो." शीतल उठतो. "लई भारी वाजवलंस. म्हणून तर ऱ्हायलो न्हाई म्या तिथं. ऐकवंना मला."

"शित्या, भाड्या, सांगायचं होतंस की!"

"तुला तरी कळंल असं वाटलं हुतं."

हे त्यानं मारण्यापेक्षाही जोरात लागतं. शाहीनला त्याला धरायचं आहे. या खेपेला मारायला नाही, नुसतं धरायला, थांब म्हणायला. ती पुढं होते, तर मधे माग आहे. ती मागाला वळसा घालते, तर पुढं दुसरा माग आहे. शेड लांबत चाललं आहे, आणि टोकाला स्टुडिओचं जाड दार दिसायला लागलं आहे.

"इसरशील," शीतल म्हणतो. तो तिच्या अगदी जवळ आहे. पट्टा आता त्याच्या हातात आहे. "सपनातलं ध्येनात ऱ्हात न्हाई. आप्पा मला तुटलेली तार दावायचा आन् एक ठिवून द्यायचा. ध्येनात ऱ्हावी म्हणून."

"न्हाई विसरत मी."

"इसरशील. हात कर म्होरं."

शाहीन डावा हात पुढं करते. शीतल तिच्याकडं बघतो, आणि त्याच्या डोळ्यांत आजवर कधी न दिसलेली माया दिसते. तो पट्टा वर उचलतो. लई वर उचलतो.

"शाहीन! अहो शाहीन!"

सौमित्र तिचा खांदा हलवतो आहे. ती सोफ्यावरून अर्धी खाली आली आहे, घसा कोरडा पडला आहे, आणि काच जागच्या जागी आहे.

"केवढ्यानं ओरडलात! बरं वाटतंय ना? पाणी देऊ? माझं सगळं तयार आहे, तुम्ही एकदा हो म्हणालात की पाठवून देतो."

शाहीन उठून बसते. काहीतरी सांगायचं आहे, फार महत्त्वाचं, पण ते हातातून निसटत चाललं आहे. कुणी तरी होतं. वरात होती. घोड्यावर कुणी नव्हतं. पुढं काय? ती सौमित्रच्या चांगुलपणानं भरलेल्या चेहऱ्याकडं बघत बसते आणि सगळं पुसलं जातं. मग डाव्या हातातून एक सणक निघते, आगीचा चटका बसावा तशी, आणि तिच्यासकट तो शब्द येतो.

"थांबा. पाठवू नका."

"अहो, पण..."

"पाठवलंत तर हात मोडीन मी तुमचा."

सौमित्र माउस सोडून दोन पावलं मागं सरतो. या बँडबरोबर काम केल्यावर अशी धमकी हलक्यात घ्यायची नसते, एवढं तो शिकला आहे. शाहीन फोन काढते. आप्पा फोन उचलायला नेहमीच वेळ लावतात. पलीकडं माग चालू आहेत.

"आप्पा, शाहीन बोलतो. एक विचारायचं हाय, रागावू नका. तुम्ही शीतलला कधी पट्टा दिलता काय? स्वतःहून, सदरा काढून?"

पलीकडून नुसते माग ऐकू येतात.

"तुला कुणी सांगितलं?" ते शेवटी म्हणतात. "तिथं आमी दोघंच हुतो."

"काय म्हणाला होता तुम्ही त्याला?"

पुन्हा माग. मग एक माग बंद होतो, मग दुसरा. आप्पा खटके पाडत चालले आहेत. सगळं गप्प झाल्यावर त्यांचा आवाज येतो, इतका हळू, की शाहीनला फोन कानात रुतवावा लागतो.

"वाजीव म्हणालो हुतो."

शाहीनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं, ती ते पुसत नाही. "आप्पा, फोन ठेवू नका," ती म्हणते, आणि सौमित्रकडं वळते. "'मार'मधला तो शेवटचा ओरडा तुम्ही काढलेला. आहे का गेला?"

"काढलेलं मी टाकत नाही. पण तो आवाज फाटलाय, शाहीन. आणि तुम्हीच तर म्हणालात, की तो तुम्हाला..."

"मी चुकलो. परत लावा. आणि अभ्याची गिटार काढा तिथली. सगळी. खाली माझे नुसते ड्रम राहू देत, आहेत तसे, शेवटपर्यंत."

"अभिनंदन काय म्हणतील?"

"अभ्याला मी बघून घेतो."

सौमित्र बसतो. माणूस कामाचा चोख, त्याला फार वेळ लागत नाही. शाहीन फोन स्पीकरसमोर धरते. शीतलचा आवाज खोली भरून टाकतो. 'पाठ उघडी म्होरं माझ्या, बोल आप्पा, आता काय?' मग एक क्षण काहीच नाही. मग ते येतं, घसा चिरून, फाटून, एखाद्या म्हाताऱ्यानं उरलेला सगळा जीव एकवटून ओरडावं तसं. "वाजीव!" आणि मागून ड्रम कोसळतात. शाहीननं हे स्वतः वाजवलं आहे, पण ती ते आत्ता पहिल्यांदा ऐकते. कुणीतरी पत्र्याचा डबा जीव तोडून बडवतो आहे, आणि कुणाच्या तरी पाठीला त्यातला एकही घाव लागत नाही.

ड्रम थांबतात. फोनमध्ये आप्पांचा श्वास ऐकू येतो.

"आप्पा?"

"माज्यागतच वरडलंय पोरगं," आप्पा म्हणतात.

शाहीन फोन कानाशी धरून उभी राहते, आणि दोघंही आपापल्या ठिकाणी रडतात.

सौमित्र पाण्याचा ग्लास घेऊन येतो आणि तिच्या हाताकडं बघून थबकतो. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत एक रुंद वळ उठला आहे. कडांना लाल, मधे निळा पडत चाललेला.

"हे काय झालं? सोफ्याची शिवण रुतली असेल झोपेत," तो म्हणतो. "बर्फ आणू का?"

"नको," शाहीन म्हणते. "राहू दे."